नागपूरच्या चौकात पावती नेमकी कुठे फाटते? (नियम, कागदं आणि चालानचा धागा)

तर्री_जास्त | सकाळी ८:१२

दंडाच्या धाग्यांवर आधी रकमांची यादी येते आणि खाली ‘लूट आहे’ असे पन्नास प्रतिसाद पडतात. हा धागा त्यासाठी नाही. गाडी किती फूट पुढे गेली की चूक होते, कागदाची कुठली तारीख पाहायची आणि चुकीचं चालान आलं तर पुढे काय करायचं, एवढंच इथे लिहू या.

सुरुवात चौकापासून. माझ्या मते शहरातल्या पावत्यांचं मूळ चौकाच्या आधीच्या तीस मीटरमध्ये आहे. ते तीस मीटर नीट चालवले की अर्धं काम झालं.

पहिली गोष्ट स्टॉप लाइन. झेब्राच्या अलीकडे जी आडवी जाड पांढरी पट्टी असते ती. पुष्कळ लोक झेब्रालाच स्टॉप लाइन समजतात आणि झेब्राच्या तोंडाशी थांबतात, म्हणजे पट्टी कधीच ओलांडलेली असते. दुसरं, अंदाज पायाने घेतात. पाय पट्टीच्या अलीकडे टेकला म्हणजे आपण अलीकडे. पण स्कूटरवर बसलेल्याचा पाय जिथे टेकतो तिथून पुढच्या चाकाचं टोक अडीच फूट पुढे असतं. नियम चाकाचा आहे, पायाचा नाही. पट्टी आपल्या हँडलच्या पुढे स्पष्ट दिसत राहील असं थांबा. दिसेनाशी झाली की चाक तिच्यावर चढलं.

सिग्नलचा कॅमेरा कसा काम करतो तेही समजून घ्या. लाल दिवा लागला की पट्टीपाशी आखलेली रेषा जागी होते. त्यानंतर जी गाडी ती ओलांडेल तिचा रेषेआधीचा आणि रेषेनंतरचा असे फोटो निघतात आणि नंबर प्लेट वाचली जाते. हिरव्यात पट्टी ओलांडून पुढच्या गर्दीमुळे चौकात अडकलात तर ती वेगळी गोष्ट. पण लालमध्ये थांबून मग मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून चार फूट सरकलात तर कॅमेऱ्याला हॉर्न ऐकू येत नाही.

आता पिवळा. पिवळा म्हणजे ‘पळा’ नव्हे, थांबा. पट्टीच्या इतक्या जवळ आलात की नीट थांबताच येत नाही, तेव्हाच पुढे जायचं. गणित सोपं आहे. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पिवळा साधारण ३ सेकंद धरला तर त्यात गाडी ३३ मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर भान येऊन ब्रेक दाबून थांबायला २३-२५ मीटर पुरतात, पावसात तीसच्या वर लागतात. म्हणजे पिवळा लागला तेव्हा पट्टी सात-आठ कारच्या लांबीइतकी दूर असेल तर थांबा. दोन-तीन कारइतकी जवळ असेल तर घाबरून ब्रेक न मारता निघून जा. मधल्या अंतरात गोंधळ उडतो, आणि तो टाळायचा तर चौक दिसताच ॲक्सिलरेटर सोडायचा. हिरवा बराच वेळ दिसून राहिला असेल तर तो आता जाणार आहे, हे धरूनच चालायचं.

टायमरवाल्या चौकात उलटं होतं. लाल ३, २, १ दाखवत असतानाच अर्धा कळप निघालेला असतो. टायमर शून्यावर आला तरी हिरवा लागेपर्यंत तो लालच असतो.

---

संत्रानगरी३१ | सकाळी ८:४०

सुरेख लिहिलंत भाऊ. लेफ्ट फ्रीचं मी लिहितो, कारण आपल्याकडे त्यावर रोज भांडणं होतात.

डावं वळण आपोआप मोकळं नसतं. तशी पाटी असेल, डावीकडचा हिरवा बाण असेल किंवा डावं वळण बेटाने वेगळं काढलेलं असेल तरच लालमध्ये वळायचं. काहीच नसेल तर डावीकडे जाणाऱ्यालाही लालला थांबावं लागतं. मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी पावती तुमच्या नंबरवर फाटेल, त्याच्या नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे लेफ्ट फ्री असलेल्या चौकात सरळ जाणारे लोक डाव्या लेनमध्ये उभे राहून वाट अडवतात. व्हेरायटी चौक, शंकरनगर, छत्रपती चौक, कुठेही गर्दीच्या वेळी पाहा. सरळ जायचं असेल तर पन्नास-साठ मीटर आधीच मधली लेन धरा. शेवटच्या क्षणी डावीकडून घुसून पुढे जागा मिळवली की थांबायला एकच जागा उरते, आणि ती झेब्रावर असते.

---

डाव्याबाजूने | सकाळी ९:०५

राँग साइडचं घ्या आता. हा तर आपला राष्ट्रीय खेळ आहे.

कारण सरळ आहे. डिव्हायडरचा कट लांब असतो आणि दुकान किंवा पेट्रोल पंप पलीकडे असतो. वर्धा रोड, कामठी रोड, रिंग रोड, सगळीकडे हेच. शंभर मीटर उलटं गेलं की किलोमीटरभराचा वळसा वाचतो. पण हा पाचशेचा किरकोळ मामला राहिलेला नाही हे लोकांना माहीत नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात, उलट्या दिशेने गाडी नेणं नावानिशी घातलेलं आहे. त्याच कलमात लाल सिग्नल तोडणं, हातात फोन धरून चालवणं आणि चुकीचं ओव्हरटेक करणंही आहे. कोर्टात गेलं तर पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद. वरून भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकार वाहन चालवण्याचा गुन्हा. ती पावती नसते, गुन्ह्याची नोंद असते. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत आणि नोकरीच्या अर्जात तीच पुढे येते.

उपाय: रोजच्या रस्त्यावरचे कट पाठ करा. घरी परतताना ज्या बाजूला असाल त्या बाजूचा पंप आणि त्या बाजूचं किराणा दुकान धरा. आणि गाडी उलटीकडे न्यायचीच असेल तर इंजिन बंद करून उतरा आणि कडेकडेने ढकलत न्या.

---

आरसी_स्मार्टकार्ड | सकाळी ९:३०

रकमा एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढे कोणी दिल्लीचे आकडे आणून भांडणार नाही. केंद्राची दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली, पण महाराष्ट्राने तडजोडीचे, म्हणजे कोर्टात न जाता भरायच्या दंडाचे, दर डिसेंबर २०२१ मध्ये ठरवले. त्यामुळे समाजमाध्यमांवर फिरणारे हेल्मेट १,०००, सीटबेल्ट १,००० हे आकडे केंद्राच्या कायद्यातले आहेत, आपल्याकडच्या चालान मशिनवरचे नाहीत.

आपल्याकडे हेल्मेट नसेल तर ५०० रुपये. सीटबेल्ट २००. सिग्नल, स्टॉप लाइन, नो पार्किंग, फॅन्सी नंबर प्लेट यांसारखी साधी कलमं पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा केलं तर १,५००. ट्रिपल सीट १,०००. गाडी चालवताना फोन हाती दिसला तर दुचाकीला १,०००, कारला २,०००, इतरांना ४,०००, आणि तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर १०,०००. वेगमर्यादा ओलांडली तर दुचाकीला १,०००, कारला २,०००, जड वाहनाला ४,०००. विमा नसेल तर २,०००, दुसऱ्यांदा ४,०००. लायसन्स मुळातच नसेल तर ५,०००.

त्यात दोन बारकावे आहेत. हेल्मेट आणि ट्रिपल सीट या दोन्ही कलमांत दंडाखेरीज तीन महिने लायसन्स निलंबित करण्याची तरतूद आहे. लोक पाचशे रुपये पाहतात, निलंबन पाहत नाहीत. आणि ‘लायसन्स नाही’ आणि ‘लायसन्स जवळ नाही’ यांत दहापट फरक आहे. पहिल्याला ५,०००, दुसऱ्याला साधं कलम लागून ५००. त्यामुळे चौकात ‘नाही आहे’ असं तोंडातून निघू देऊ नका. आहे, घरी राहिलं, असं नीट सांगा आणि फोनवर दाखवा.

दारूचं या यादीत बसत नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की प्रकरण थेट कोर्टात जातं. ॲपवर पैसे भरून सुटका नाही.

---

कागदपत्रवाल्या_काकू | सकाळी १०:१५

फोनवर दाखवायचं म्हणजे कसं, ते सांगते, कारण तिथेच लोक फसतात.

व्हॉट्सॲपवर ठेवलेला आरसीचा फोटो किंवा पीडीएफ चालत नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधून उघडलेलं चालतं, आणि ते मूळ कागदाच्या बरोबरीचं मानायचं असं केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ सांगतो. तपासणारा कागद हातात मागतो ते तारखेसाठी. या ॲपांत तारीख थेट सरकारी नोंदीतून दिसते. सिग्नलवर नेट मिळालं नाही तर पंचाईत, म्हणून आरसी आणि लायसन्स आधीच ॲपमध्ये उतरवून ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून पाहा.

आता तारखा.

विमा. १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला ५ वर्षांचा आणि कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा शोरूममध्येच मिळतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक पॉलिसींत एकाच वर्षाचा असतो. म्हणून पॉलिसीवर दोन तारखा असतात. चालानसाठी थर्ड पार्टीची तारीख महत्त्वाची. एजंटचा फोन पहिल्या वर्षी येतो, मग सवयीने लोक दुर्लक्ष करतात, आणि पाच वर्षांनी थर्ड पार्टी गुपचूप संपते तेव्हा कोणी आठवण करत नाही. २०२० मध्ये घेतलेली स्कूटर आजच उघडून पाहा.

पीयूसी. नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षाचं, जुन्यांना सहा महिन्यांचं. प्रमाणपत्र देणाऱ्याने नळी सायलेन्सरमध्ये खरंच घातली की नुसता फोटो काढला, ते बघा. तपासणी न करता दिलेल्या कागदाचा भरवसा नाही.

लायसन्स. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत संपल्यावरची तीस दिवसांची सवलत गेली. मुदत संपली त्या दिवसापासून ते चालत नाही. नूतनीकरण आधी एक वर्ष आणि नंतर एक वर्ष या काळात चाचणीविना होतं, त्यानंतर पुन्हा परीक्षा. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासमध्ये काढलं तर १० वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर साठीपर्यंत, त्यापुढे ५-५ वर्षं. चाळिसावा वाढदिवस आला की केक आधी की लायसन्स, ते घरच्यांनी ठरवावं.

---

तर्री_जास्त | सकाळी १०:३२

काकू, तुम्ही लिहिलं ते छापून आरटीओच्या भिंतीवर लावायला पाहिजे. एक भर: आरसीची मुदतही पाहा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. आपल्या गल्ल्यांत २००८-०९ च्या गाड्या अजून फिरून राहिल्या आहेत आणि मालकाला वाटते की आरसी जन्मभराची आहे.

---

झिरो_मैल | सकाळी ११:२०

सगळ्यांत आधी करायचं काम कोणी सांगितलं नाही. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर तपासा.

चालान एसएमएसने येतं, आणि तो एसएमएस वाहन नोंदणीत जो नंबर आहे त्यावर जातो. तो नंबर गाडी घेताना शोरूमवाल्याने टाकलेला, कधी सेल्समनचाच, कधी बंद पडलेला. मग चार चालानं साचतात आणि मालकाला पत्ता नाही. परिवहनच्या पोर्टलवर वाहन सेवांमध्ये मोबाइल नंबर बदलण्याची सोय आहे. गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर जवळ ठेवा.

थकलेली चालानं पाहायला महाराष्ट्र वाहतूक पोलिसांची ई-चालानची साइट किंवा महाट्रॅफिक ॲप. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिनचे शेवटचे चार आकडे टाकले की यादी येते, फोटोसकट. आरटीओच्या पथकाने केलेलं चालान केंद्राच्या परिवहन ई-चालान पोर्टलवर दिसू शकतं. म्हणून दोन्हीकडे पाहा. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच मिनिटं पुरतात.

जुनी गाडी विकली असेल तर तिचंही चालान तुमच्याच नावावर येतं, नाव बदललेलं नसेल तोवर. विकणाऱ्याने फॉर्म २९ चौदा दिवसांत द्यायचा आणि घेणाऱ्याने फॉर्म ३० तीस दिवसांत. ‘घेणारा करून घेईल’ म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देणं ही आपल्याकडची जुनी खोड. शहरातच एमएच ३१, एमएच ४९ आणि ग्रामीणचं एमएच ४० अशी तीन कार्यालयं आहेत. आधी कोणत्या कार्यालयात जायचं याची टाळाटाळ होते आणि मग फॉर्म कपाटातच राहतात.

---

नवीनच_आलो | सकाळी ११:४८

मले काल ‘आरटीओ चालान’ नावाची एक फाइल व्हॉट्सॲपवर आली, उघडू का?

---

झिरो_मैल | सकाळी ११:५१

नाही!! शेवटी एपीके लिहिलं असेल तर ते चालान नसते, फोन ताब्यात घेणारं ॲप असते. ते एसएमएस वाचते, ओटीपी उचलते आणि खातं साफ करते. पोलीस किंवा आरटीओ व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवत नाहीत. पैसे भरायची लिंक खरी असेल तर तिच्या पत्त्याच्या मुख्य नावाचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असाच असतो. त्याच्या मागे आणखी काही चिकटवलेलं असेल तर नकली. संशय आला तर लिंकला हात न लावता ॲप स्वतः उघडून गाडीचा नंबर टाका. चालान खरं असेल तर तिथे दिसेलच. फाइल टाकून बसला असाल तर फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा.

---

बुलेट_आहे_भाऊ | दुपारी १२:३०

सायलेन्सर बदलला तर काय होते? दुकानदार म्हणते की फक्त हजार रुपये लागतात.

---

आरसी_स्मार्टकार्ड | दुपारी १२:४४

दुकानदार सायलेन्सर विकतो, पावती तुम्हाला फाटते. कलम १८२अ मध्ये मालकाने गाडीत बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय सायलेन्सर काढून जप्त होतो, आणि जप्त केलेल्यांवर रोड रोलर फिरवतानाचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील. कंपनीचा मूळ सायलेन्सर भंगारात दिला असेल तर परत घ्यायचा खर्च वेगळा. आवाज हवाच असेल तर भाऊ, इंजिनकडे लक्ष द्या.

---

स्टोल_आणि_हेल्मेट | दुपारी १:१०

हेल्मेटचं नुसतं ‘घाला’ म्हणून भागत नाही. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत दुपट्टा, त्यावर गॉगल आणि त्यावर हेल्मेट, अशी रचना असते. आणि तिथेच गडबड होते.

हेल्मेटचं माप भुवयांच्या वरून टेपने घ्यायचं. ५७-५८ सेंटिमीटर भरलं तर मध्यम, ५९-६० तर मोठं. पण जाड सुती स्टोलची तीन वेटाळी केली की डोकं एका मापाने वाढतं. मग हेल्मेट वर तरंगतं आणि पट्टा हनुवटीला पुरत नाही, म्हणून लोक तो लावतच नाहीत. कलम १२९ ला हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेलं हवं. पट्टा उघडा असला तर हेल्मेट नसल्यासारखंच, आणि कॅमेऱ्यात लोंबणारा पट्टा दिसतो. उपाय: डोक्यावर पातळ सुती कापडाचा एकच पदर किंवा शिवलेली बाळाक्लाव्हा टोपी, आणि स्टोल फक्त नाकापासून खाली मानेपर्यंत. पट्टा लावल्यावर त्याखाली दोन बोटं जेमतेम जायला हवीत. डोकं हलवलं तर हेल्मेट डोक्यासोबत हलायला हवं, डोक्यावर फिरायला नको. आयएस ४१५१ आणि आयएसआयची खूण पाहून घ्या. रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांत मिळते ती नुसती टोपली असते.

मागे बसलेल्यालाही हेल्मेट लागतं, चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला. चालान मशिनमध्ये चालकाचं आणि मागच्याचं वेगळं शीर्षक आहे, म्हणजे दोघांच्या दोन पावत्या होऊ शकतात. चार वर्षांच्या आतल्या लेकराला फेब्रुवारी २०२३ पासून बांधायचा पट्टा आणि छोटं हेल्मेट लागतं, आणि वेग ताशी ४० च्या आत.

---

खर्रा_नको | दुपारी १:३०

ट्यूशनला जाणाऱ्या पोरांचं कोणी लिहा. सोळाव्या वर्षी ॲक्टिवा.

---

कागदपत्रवाल्या_काकू | दुपारी १:५५

कलम १९९अ. अल्पवयीनाने गाडी चालवताना पकडलं तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. यात ‘त्याने विचारल्याशिवाय नेली’ हे आईबापाला सिद्ध करावं लागतं, आणि किल्ली खुंटीला टांगलेली असेल तर ते कठीण जातं.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या दुचाकीसाठी. ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही, बिनगियरची असली तरी. शिकाऊ लायसन्सवर मैत्रिणीला मागे बसवणंही चालत नाही. मागे फक्त शिकवणारा लायसन्सधारक. इलेक्ट्रिकमध्ये २५० वॅटच्या आत, ताशी २५ किमीच्या आत आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन अशी गाडी असेल तरच लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. दुकानदार ‘वायर काढली की ४५ जाते’ म्हणून विकतो. वायर काढली त्याच क्षणी ती मोटार वाहन झाली. मग नंबर नाही, विमा नाही, लायसन्स नाही, आणि धडक झाली तर नुकसानभरपाई घरातून.

---

वैदर्भी_वारा | दुपारी २:२०

कारच्या काळ्या फिल्मचं सांगा. या उन्हात गाडी म्हणजे भट्टी होते.

---

आरसी_स्मार्टकार्ड | दुपारी २:३८

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचेवर फिल्म लावण्यास बंदी घातली, कितीही टक्क्यांची असली तरी. ‘७० टक्के आणि ५० टक्के’ हे आकडे कंपनीने बनवलेल्या काचेच्या पारदर्शकतेचे आहेत: पुढची-मागची काच ७०, बाजूच्या ५०. फिल्मचे नाहीत. नंतर नियम १०० मध्ये झालेल्या बदलावर वकील लोक वाद घालतात, पण तो वाद चौकात उन्हात उभं राहून जिंकता येत नाही. जाळीचा पडदाही चालत्या गाडीत नको. उभ्या गाडीला समोरून परावर्तक पत्रा लावा, सावलीत लावा, आणि निघण्याआधी दोन मिनिटं चारही दारं उघडी ठेवा.

---

संत्रानगरी३१ | दुपारी ३:०५

पार्किंग. बर्डी (सीताबर्डी), धरमपेठ, इतवारी, महाल, गांधीबाग इथे जिथे सम-विषम तारखेची पाटी आहे तिथे आज कुठली तारीख ते पाहून बाजू धरा. रात्री लावलेली गाडी सकाळी चुकीच्या बाजूला असते, हे लक्षात येत नाही. पांढऱ्या चौकटीच्या बाहेर टायर गेला तरी टोइंगवाला उचलू शकतो. फूटपाथ, चौकाचं तोंड, बसथांबा आणि कुणाच्या गेटसमोर तर पाटी नसली तरी चालत नाही.

दिवसांचं भान ठेवा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की विधान भवन, झिरो माइल, टेकडी रोड आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटच्या भागात मोर्चे अडवले जातात आणि एरवी चालणारे रस्ते एकेरी किंवा बंद होतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी, लक्ष्मीनगर, रहाटे कॉलनीकडे तसंच. वाहतूक शाखेची अधिसूचना आदल्या दिवशी पेपरात येते. गुगलचा नकाशा त्या दिवशी तुम्हाला बॅरिकेडपर्यंत नेऊन सोडतो आणि तिथून सुटायला लोक राँग साइड घेतात. त्या दिवसांत बर्डीत काम असेल तर सरळ मेट्रो धरा. ऑटोमोटिव्ह चौक-खापरी आणि लोकमान्य नगर-प्रजापती नगर या दोन्ही लाइन बर्डीला मिळतात.

---

डाव्याबाजूने | दुपारी ३:४०

वेगाचं थोडक्यात. वर्धा रोड आणि कामठी रोडचे डबल डेकर पूल सकाळी रिकामे दिसतात आणि हात आपोआप पिळला जातो. मर्यादा पुलाच्या तोंडाशी पाटीवर असते, चढतानाच वाचा. लेझर गन शे-दोनशे मीटरवरून वेग मोजते. गणवेश दिसल्यावर ब्रेक दाबता तेव्हा मोजणी झालेली असते. स्पीडोमीटर बहुधा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे ‘माझा काटा कमी दाखवत होता’ हे टिकत नाही. अपवाद, मापापेक्षा मोठे टायर टाकले असतील तर. तेव्हा काटा खरंच कमी दाखवतो. समृद्धी महामार्गावर कारला १२०, आणि दुचाकीला प्रवेशच नाही.

---

नवीनच_आलो | संध्याकाळी ६:१०

अन् चालान चुकीचंच आलं असन तर?

---

झिरो_मैल | संध्याकाळी ६:४५

आधी फोटो मोठा करून पाहा. घाईत कोणी पाहत नाही. तीन गोष्टी जुळवा: गाडीचा रंग-मॉडेल, नंबरचा प्रत्येक आकडा, आणि ठिकाण-वेळ. ३ आणि ८, ० आणि डी, बी आणि ८ यांत गफलत होते, विशेषतः प्लेट मातीने माखली असेल किंवा फॅन्सी अक्षरं असतील तर. म्हणूनच सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्या. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला ती आपण बसवायची असते, दुचाकीला ४५० आणि कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी. नोंदणी फक्त परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून, नकली साइटही आहेत.

गाडी दुसऱ्याचीच असेल तर ई-चालानच्या साइटवर किंवा ॲपमध्ये तक्रारीची सोय आहे. चालान क्रमांक, कारण दोन ओळींत, आणि जोडायला आरसी, आपल्या गाडीचा पुढून-मागून फोटो आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा, जसं पार्किंगची पावती, ऑफिसची नोंद किंवा टोलचा संदेश. कारणात ‘मी असं केलंच नाही’ लिहून काही होत नाही. ‘फोटोतली गाडी काळी, माझी पांढरी’ असं लिहा. प्लेट तीच पण गाडी वेगळी दिसली तर कोणी तुमच्या नंबराची नक्कल केली आहे. तेव्हा नुसती ऑनलाइन तक्रार पुरत नाही, पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीने मोठं काही केलं तर तीच पोच कामाची.

कॅमेऱ्याच्या चालानबाबत २०२१ च्या नियम १६७अ ने काही अटी घातल्या आहेत: कॅमेरा आहे अशी सूचना देणारी पाटी, नंबर प्लेट दिसणारा फोटो, तारीख-वेळ-ठिकाण, कोणतं कलम ते, आणि १५ दिवसांत नोटीस. यातलं काय नाही ते नेमकं दाखवता आलं तर तक्रारीला वजन येतं. पोलिसाने स्वतःच्या खाजगी फोनवर फोटो काढू नये, अशाही सूचना राज्याच्या वाहतूक विभागाने दिल्या आहेत.

दंड मान्य असेल तर लगेच भरा. साचवून लोकअदालतीत सवलत घेऊ असं काही जण सांगून राहिले. लोकअदालतीची नोटीस आली तर सिव्हिल लाइन्सला जरूर जा, पण सवलत हक्काची नाही. आणि तोवर तेच कलम पुन्हा लागलं तर पाचशेचे दीड हजार होतात. दारू आणि अल्पवयीनाची प्रकरणं तिथे मिटत नाहीत.

---

खर्रा_नको | रात्री ९:२०

शेवटचं एक. आमच्याकडच्या चौकात स्टॉप लाइनच पुसली गेली आहे. पावसाळ्यानंतर झेब्राही नाही दिसत. तिथे थांबायचं कुठे?

---

तर्री_जास्त | रात्री ९:३४

झेब्रा दिसत असेल तर त्याच्या अलीकडे हातभर सोडून. झेब्राही नसेल तर अलीकडच्या बाजूला सिग्नलचा जो पहिला खांब असतो त्याच्या रेषेआधी. पलीकडचा खांब धरू नका, तो चौकाच्या आत असतो. आणि एक दिवसाउजेडी फोटो काढून ठेवा, ज्यात खांब, रस्ता आणि पुसलेली पट्टी तिन्ही दिसतील, तारीख-वेळेसकट. त्या चौकाचं स्टॉप लाइनचं चालान आलं तर तोच तक्रारीला जोडा, आणि फोटोची एक प्रत महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात अर्जासोबत द्या. पट्टी मारायचं काम पोलिसांचं नसते.